गिरासे सरांचा नवा नमुना

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे तीन प्राध्यापक होते. पहिल्यांना प्लॉटमध्ये रस होता, दुसऱ्यांना विद्यापीठाच्या निवडणुकांमध्ये. तिसरे रतिलाल बडगुजर. त्यांना बुरशीत रस होता, आणि बुरशी ही मुळात वनस्पतीच नाही, असं ते स्वतः वर्गात सांगायचे. म्हणजे वनस्पतींकडे बघणारं कॉलेजात कोणी नव्हतं. निकाल मात्र चांगला लागायचा.

जळगावात बुरशीचा अभ्यास करायला माणूस आशावादी असावा लागतो. वर्षातले आठ महिने इथे माणसंच वाळतात, तिथे भूछत्राची काय कथा? पण पाऊस पडला की बडगुजर सर सायकल काढून मेहरूण तलावाच्या काठाने, नाहीतर पार नशिराबादपर्यंत जायचे आणि केळीच्या कुजलेल्या खांबांच्या ढिगासमोर गुडघे टेकून बसायचे. शेतकऱ्यांना आधी वाटायचं, विम्याचा माणूस आला. मग वाटायचं, यांना काहीतरी होतंय. कोणीतरी पाणी आणून द्यायचं.

या गावात त्यांच्याशी या विषयावर बोलायला कोणीच नव्हतं. मी होतो, पण माझा विषय अर्थशास्त्र. मी ऐकायचो, कारण आमच्या विषयात वेळ भरपूर असतो.

एक्याऐंशी साली आकाशवाणी जळगाववर त्यांचं एक भाषण झालं, ‘पावसाळ्यातील भूछत्रे’. कापसावरच्या फवारणीची माहिती आणि भजनं यांच्यामध्ये दहा मिनिटं मोकळी होती, ती त्यांना मिळाली. जिल्हाभरातून प्रतिक्रिया म्हणून एक पोस्टकार्ड आलं. तेही शेजारच्या जिल्ह्यातून, साक्रीहून. धनसिंग गिरासे नावाच्या शाळामास्तरांनी लिहिलं होतं: ‘आपण सांगितलेले पांढरे छत्र खाण्यास योग्य असेल, पण आमच्याकडे कोंडाईबारी घाटाच्या बाजूस तसेच दिसणारे एक आहे. ते खाऊन आमची शेळी मेली. श्रोत्यांनी ऐकून तसे केल्यास पंचाईत होईल. कळावे.’

बडगुजर सर आठ दिवस ते कार्ड खिशात घेऊन फिरले. त्यांच्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं होतं.

तिथून पत्रं सुरू झाली. गिरासे सरांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण जंगल जवळ होतं आणि हातात चित्रकला होती. ते छत्री सापडेल तिथे बसून जलरंगात तिचं चित्र काढायचे. मग देठ कापून छत्री कागदावर उपडी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळपर्यंत बीजाणू गळून कागदावर गोल ठसा उमटतो. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा, म्हणजे बीजाणू कुठल्याही रंगाचे असले तरी दिसावेत. वाळवलेला नमुना काडेपेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात घालून, वर मांजरपाटाचं कापड शिवून टपालात. काडेपेटी आली की यशोदावहिनी, म्हणजे सरांच्या मंडळी, दारातूनच ओरडायच्या, “अहो, सवतीचं पार्सल आलं!”

“सवत मिशीवाली आहे,” सर म्हणायचे.

“म्हणून तर काही बोलत नाही मी.”

आमच्या ग्रंथालयात कुणा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून आलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. मुखपृष्ठ नाही, शेवटची पानं नाहीत. बुरशीवरच्या पुस्तकाची पानं बुरशीने खाल्ली होती आणि ग्रंथपालांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडातला एक पाद्री आणि दूरच्या परगण्यातला एक डॉक्टर यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं त्यात होती. तीस वर्षं दोघं कुत्र्याच्या छत्र्यांबद्दल लिहीत होते. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्या काळात हे दोघं ओल्या लाकडाखाली बघत होते. पहिल्याच पत्रात पाद्रीबुवांनी अट घातली होती: माझी चूक झाली तर ती चूक आहे असं लिहा, गोड बोलायला माझ्याकडे शेजारी आहेत.

बडगुजर सरांनी ते पुस्तक साक्रीला पाठवलं. गिरासे सरांचं उत्तर आलं: ‘पाद्रीबुवांचा नियम मला मान्य आहे. आपल्यात भीड नको.’

आणि खरोखर नव्हती. बडगुजर सर लिहायचे, ‘आपण नवीन म्हणून पाठविलेला नमुना नवीन नसून शिळा आहे.’ गिरासे सर लिहायचे, ‘आपले नाव चुकले आहे, पुस्तक पुन्हा पहावे, चष्मा लावून पहावे.’ असलं पत्र आलं की बडगुजर सर स्टाफरूममध्ये ते मोठ्याने वाचून इतके खूश व्हायचे, की बाकीच्यांना वाटायचं पगारवाढ झाली. आम्ही एकमेकांना ‘वा सर, फारच छान’ म्हणणारी माणसं. खरं बोलण्यात एवढं सुख असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. आणि कधी वर्षातून एकदा बडगुजर सर ‘शाबास’ असा एकच शब्द लिहायचे. गिरासे सर त्या पत्राला लगेच उत्तर द्यायचे नाहीत. पुरवून ठेवत असावेत.

दोघं भेटले मात्र नाहीत. जळगाव ते साक्री एसटीने चार-पाच तासांचा रस्ता. दरवर्षी ‘यंदा येतो’ असं ठरायचं आणि पावसाळा आला की दोघंही आपापल्या जंगलात.

नव्वदनंतर चित्रांतले रंग बिघडायला लागले. पिवळ्याच्या जागी भगवा येऊ लागला. मग कडा हलायला लागल्या. मग चित्रं यायची बंद झाली. गिरासे सर निवृत्त झाले होते, अंगात साखर होती, एवढं पत्रातून कळायचं. डोळ्यांबद्दल एकदाच वाक्य आलं, ‘चष्मा बदलायचा आहे.’ पुढे पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्या. पाकिटावरचा पत्ता वेगळ्या, बायकी अक्षरात यायचा. बडगुजर सरांनी हे सगळं पाहिलं आणि त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. आपल्यात भीड नको हा नियम छत्र्यांपुरता होता, डोळ्यांपुरता नव्हता, असं ते मला म्हणाले.

त्र्याण्णवच्या श्रावणात एक पार्सल आलं. या वेळी काडेपेटी नव्हती, चहाचा डबा होता. सोबत पत्र: ‘अंगणातल्या जुन्या लाकडांच्या ढिगात, तळाशी, हा नमुना हाती लागला. पेल्याच्या आकाराचा. मध्ये गोल छिद्र. स्पर्शाला चामड्यासारखा चिवट, वास ओल्या मातीचा. माझ्या मते अशी जात कोणत्याही पुस्तकात नाही. भीड न ठेवता कळवावे.’

सरांनी स्टाफरूमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उघडला. आत कडुनिंबाच्या पाल्यात, कापसावर निजवलेला, हापशाचा वायसर होता.

खेड्यातला हातपंप, त्याच्या दट्ट्याला चामड्याची वाटी बसवतात, तीच. झिजली की मेस्त्री ती काढून फेकतो आणि नवी बसवतो. ही बहुधा चारसहा पावसाळे लाकडांखाली पडून होती. गिरासे सरांचं वर्णन अक्षरन्‌अक्षर बरोबर होतं. पेल्याचा आकार होता. मध्ये छिद्र होतं. चामड्यासारखा चिवटही होता, कारण चामडंच होतं.

मला हसू आलं. मग सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गेलं.

“म्हणजे अजिबातच दिसत नाही त्यांना,” सर म्हणाले.

त्यांनी डबा बंद केला. दोन दिवस ते त्या पत्राला उत्तर लिहीत होते. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. ‘आपला नमुना मिळाला. असा नमुना मी आजवर पाहिलेला नाही.’ तिथून पुढे दोन पानं. बीजाणू, तंतू, पोत, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं. आणि शेवटी ‘शाबास’.

“सर, हे खोटं आहे.”

“एक वाक्य दाखवा खोटं. वायसरवर बुरशी धरलेलीच आहे. तिचेच बीजाणू मोजलेत मी.”

ते खरं होतं. शास्त्रज्ञ माणूस खोटं बोलायला बसला की किती मेहनत घेतो, ते मी तेव्हा पाहिलं. आमच्या शाखेत एवढ्या मजकुरावर पीएच.डी. मिळाली असती.

पंधरा दिवसांत साक्रीहून उत्तर आलं. ओळी इतक्या आनंदाने एकमेकींवर चढल्या होत्या की वाचायला अर्धा तास लागला. दिवाळीनंतर पुण्याला हौशी निसर्ग-अभ्यासकांचं अधिवेशन होतं. तिथे गिरासे सर हा नमुना मांडणार होते. भाचा निबंध वाचणार होता. नव्या जातीला नाव देणार होते बडगुजरांचं. ‘पाद्रीबुवांनी डॉक्टरसाहेबांचे नाव एका छत्रीला दिले होते, आपणांस आठवत असेल. आपली सही निबंधाखाली हवी. सहीसाठी पाठवू की आपण येता?’

बडगुजर सरांनी चष्मा काढून पुसला.

“आता पुण्यातले चारशे लोक हापशाच्या वायसराला माझ्या नावाने ओळखतील,” ते म्हणाले. ते विनोद करत नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे सभागृह होतं, स्लाइड होती, आणि हसणाऱ्या लोकांपुढे उभा असलेला, कोण का हसतंय ते न दिसणारा माणूस होता.

पोळा झाल्यावर आम्ही दोघं निघालो. मला का नेलं ते विचारू नका. कठीण प्रसंगी अर्थतज्ज्ञ सोबत असावा असं सरकारलाही वाटतं. पारोळ्याला भजी खाल्ली, धुळ्याला गाडी बदलली. नेर गेल्यावर खिडकीबाहेर हिरवं दिसायला लागलं, तरी सरांनी तिकडे पाहिलं नाही. ‘समोरासमोर सांगतो. पत्रात मला जमणार नाही,’ एवढंच एकदा म्हणाले.

गिरासे सरांचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात हापसा, त्याच्या शेजारी लाकडांचा ढीग. दारात त्यांची सून मंदा उभी होती. तिने आतल्याला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेतला.

“तुम्हीच बडगुजर सर ना? जयगावना?”

“हो.”

“मीच वाची दावस तुमना कागद. डबामा मीच भरं ते. वायसर शे, माले दिखंच ना.” वायसर आहे हे तिला डबा भरतानाच दिसलं होतं. ती पदराचं टोक पिळत होती. “पण कसं सांगू? वरीसभर मोठा आबा हासेल नही व्हतात. तुमना कागद उना आनि तीनदा वाचाले लावं.”

आतून खणखणीत आवाज आला, “कोन शे वं मंदा?”

“जयगाववाला पाहुणा उनात, आबा.”

गिरासे सर खाटेवरून उठले. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, धुतलेलं धोतर. थेट आमच्याकडे चालत आले, फक्त हात माझा धरला.

“बडगुजर!”

“मी इकडे आहे, सर,” बडगुजर सर म्हणाले.

“हां, हां. उजेड डोळ्यावर येतो दारातून.” त्यांनी हात बदलला. “पत्रांवरून मला तुम्ही उंच वाटायचात.”

“पत्रांत मी ताठ बसतो.”

गिरासे सर मनापासून हसले. आम्ही बसलो. ते आम्हाला न दिसण्याचा पत्ता लागू देत नव्हते. भिंतीकडे बघून म्हणाले, “तुम्हाला पांढरा शर्ट शोभतो.” बडगुजर सरांचा शर्ट तपकिरी होता. “आभारी आहे,” ते म्हणाले. मी खाली बघितलं.

मंदाने चहा आणला. पाठोपाठ निबंधाचे कागद आले. भाच्याच्या अक्षरात, बारीक समासाचे, वर जातीचं नाव अधोरेखित. गिरासे सरांनी ते बडगुजर सरांपुढे धरले आणि बोटाने खालची जागा दाखवली. जागा जरा चुकली होती.

“इथे सही. खाली तुमची पदवी पण लिहा. पुण्याचे लोक पदवी बघतात.”

बडगुजर सरांनी पेन काढलं. टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

“गिरासे सर, तो हापशाचा वायसर आहे.”

“कुठला?”

“तुम्ही पाठवलेला. चामड्याची वाटी. तुमच्याच अंगणातल्या हापशाची असेल.”

बाहेर कोणीतरी पाणी हापसत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला. मग गिरासे सर हसायला लागले. चांगले खदखदून, मांडीवर थाप मारून हसले.

“तरीच चिवट! च्यायला बडगुजर, तरीच चिवट लागत होता!” त्यांनी डोळे पुसले. “बरं झालं सांगितलंत. आपल्यात भीड नाहीच. पुण्याला इज्जत गेली असती. दिसत नाही हो मला. दोन वर्षं झाली. कळलंच असेल तुम्हाला.”

“कळलं होतं.”

मला वाटलं, सुटलो. बडगुजर सरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी चहाचा कप उचलला.

“पण,” गिरासे सर म्हणाले, आणि हसू अजून तोंडावर असतानाच थांबले, “तुम्ही दोन पानं लिहिलीत.”

बडगुजर सरांनी कप बशीत परत ठेवला.

“डबा उघडल्याबरोबर कळलं असेल ना?”

“हो.”

“‘शाबास’ लिहिलंत.”

“सर, मला वाटलं...”

“मला वाईट वाटेल. ते कळलं मला.” त्यांनी निबंधाचे कागद चाचपडून गोळा केले, कडा जुळवल्या. बराच वेळ जुळवत होते. “ती पिवळी. कोंडाईबारीची, सागाच्या बुंध्यावरची. शहाऐंशी साली. तिलाही शाबास होतं.”

“ती खरी होती. ती अस्सल होती, सर.”

“आणि शेणातली काळी?”

“तीही.”

“हं. तेव्हा बायको वारली होती माझी. तुम्हाला मी कळवलं होतं.”

“त्याचा काही संबंध नाही! शपथ घेऊन सांगतो.”

“शपथ कशाला घेता? चहा घ्या, निवतोय.”

परतताना धुळ्याला पुन्हा गाडी बदलायची होती. तिथल्या स्टँडवर उसाचा रस समोर ठेवून बडगुजर सर म्हणाले, “मी त्यांचं नुसतं एक खोटं कौतुक केलं नाही. मी त्यांची सगळी खरी कौतुकं काढून घेतली.”

पण हार मानणारा माणूस तो नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी गिरासे सरांनी बारा वर्षांत पाठवलेल्या सगळ्या काडेपेट्या काढल्या. प्रत्येकीवरचं गिरासे सरांचं नाव-गाव झाकून क्रमांक घातला, त्यांनी ओळखलेली जात आणि वर्णन तेवढं राहू दिलं, आणि पेटी करून पुण्याच्या एका संस्थेतल्या तज्ज्ञांकडे पाठवली. हे गृहस्थ कधी कोणाला बरं म्हणत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. सरांची त्यांची ओळख नव्हती. त्यांनी मुद्दाम ओळख नसलेला माणूस शोधला होता. यशोदावहिनी म्हणाल्या, “सवतीचा बाडबिस्तरा पुण्याला?” सर हसले नाहीत, तेव्हापासून वहिनींनी तो विनोद सोडून दिला.

होळीच्या सुमारास उत्तर आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. तज्ज्ञांनी पाच ठिकाणी चुका काढल्या होत्या, बऱ्याच कडक शब्दांत. एका ठिकाणी ‘हा हलगर्जीपणा आहे’ असंही होतं. बाकी सगळं बरोबर. शेवटी लिहिलं होतं, की ज्याने हे गोळा केलं त्याची नजर असामान्य आहे आणि अशा माणसाला मी भेटू इच्छितो.

“हलगर्जीपणा लिहिलंय हे फार चांगलं झालं,” सर म्हणाले. “आता त्यांचा विश्वास बसेल.”

पुन्हा एसटी, पुन्हा साक्री. ऊन तापलेलं, लाकडांचा ढीग निम्मा जळून संपलेला. गिरासे सरांनी आमचं अगदी रीतसर स्वागत केलं. तब्येत विचारली, कॉलेजचं विचारलं, वहिनींचं विचारलं. बडगुजर सरांनी पत्र काढलं आणि मराठीत करत करत वाचून दाखवलं, हलगर्जीपणासकट. वाचताना त्यांचा आवाज परीक्षेला बसलेल्या पोरासारखा येत होता.

“असंच लिहिलंय?” गिरासे सरांनी विचारलं.

“शब्दन्‌शब्द. हवं तर मंदाताईंना वाचायला सांगा.”

“वाच वं मंदा.”

मंदा दहावीपर्यंत शिकलेली. ती एकेक इंग्रजी शब्द जुळवत, अडखळत शेवटचा परिच्छेद वाचत गेली. गिरासे सर मान खाली घालून ऐकत होते. ते शाळामास्तर होते, त्यांना सगळं समजत होतं. ती थांबल्यावर म्हणाले, “हे साहेब तुमच्या ओळखीचे?”

“नाही, सर. त्यांना मी उभ्या आयुष्यात भेटलेलो नाही.”

गिरासे सरांनी मान डोलावली.

“न भेटलेली माणसं फार चांगलं लिहितात,” ते म्हणाले. “त्यांना माझा नमस्कार कळवा.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, आणि वर आग्रह. दारापर्यंत सोडायला आले. बडगुजर सरांनी ते पत्र त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं. लग्नपत्रिका ठेवतात तसं.

पत्रं थांबली नाहीत. ती थांबली असती तर आमच्या सरांना सोसलं असतं, असं मला वाटतं. दर महिन्याला साक्रीहून कार्ड यायचं, मंदाच्या अक्षरात. ‘इकडे सर्व कुशल. आपली कुशलता कळवावी. पाऊस बरा आहे. कापसाला भाव नाही. सौ. वहिनींस नमस्कार.’ बडगुजर सर ते टेबलावर ठेवून त्याच दिवशी उत्तर लिहायचे. ‘इकडेही सर्व कुशल. केळीला भाव नाही.’ पाद्रीबुवांचं आणि डॉक्टरसाहेबांचं जाऊ द्या, सगळ्या खानदेशात जसं एकमेकांना लिहितात तसं आता ते दोघं लिहीत होते. कोणाचं काही चुकत नव्हतं.

पंच्याण्णवच्या भाद्रपदात मी आणि सर मेहरूणच्या काठाने चाललो होतो. बाभळीच्या बुडाशी एक छत्री उगवलेली. निळसर करड्या रंगाची, कडेला झालर, देठ काचेसारखा. मला त्यातलं काही कळत नाही, पण मीसुद्धा थांबलो. सर गुडघ्यावर बसले. खिशातून भिंग काढलं. खूप वेळ पाहिलं.

“नवी आहे का?”

“जळगावात तरी कोणी नोंदलेली नाही.”

“मग गिरासे सरांना कळवा की.”

ते उठले. गुडघ्याची माती झटकली.

“काय कळवू?” ते म्हणाले. “सुंदर आहे म्हणून? माझ्या शब्दावर?”

मागून कोणाच्या तरी म्हशी तलावाकडे येत होत्या. आम्ही दोघं वाट सोडून बाजूला झालो.